सहा महिने आणि तीन दिवस : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे चरित्र शाळांमधून सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिकवले जावे याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १३ जून १९७१ रोजी भारतीय लष्करात अधिकारी झाले आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ विभागातल्या जरपाल गावाजवळ आपल्या रणगाड्यात लढताना कामी आले. त्यांची अधिकारी म्हणून सेवा भरली सहा महिने आणि तीन दिवस. वय होते २१ वर्षे. देशाचा युद्धकाळातला सर्वोच्च शौर्यसन्मान असलेले परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर देण्यात आले. तोपर्यंतच्या परमवीरांमध्ये ते सर्वांत तरुण होते.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते चार ठिकाणी जुळते. जन्म पुण्याचा, लष्करी शिक्षणाची सुरुवात खडकवासल्याची, रणगाड्यांचे प्रशिक्षण अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर), आणि ज्या रेजिमेंटमधून ते लढले तिच्या नावातच पुणे आहे. अशा वीरांची कथा मुलांना सांगताना बहुतेक वेळा शेवटची काही मिनिटे सांगितली जातात : पेटलेला रणगाडा, तो सोडण्याचा आदेश, नकार आणि मृत्यू. ती मिनिटे खरी आहेत. पण एवढेच ऐकणाऱ्या मुलाला शौर्य म्हणजे क्षणात उसळणारा आवेश वाटतो. खेत्रपालांचे शौर्य कशातून घडले आणि त्या सकाळी कोणाकोणाच्या कामावर उभे राहिले, हे कळण्यासाठी कथा आधीपासून सांगावी लागते.

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या अभियंता दलात अधिकारी होते आणि पुढे ब्रिगेडियर झाले. हे घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते शहर पाकिस्तानात गेले आणि कुटुंब भारतात आले. अरुण यांचे पणजोबा शीख खालसा फौजेतून इंग्रजांविरुद्ध लढले होते, आजोबा पहिल्या महायुद्धात होते. वडिलांच्या बदल्यांबरोबर घर हलत राहिले. अरुण यांचे शालेय शिक्षण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये झाले.

जून १९६७ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ३८व्या तुकडीत दाखल झाले. भूदल, नौदल आणि हवाईदल या तिन्ही सेनांचे भावी अधिकारी जिथे तीन वर्षे एकत्र शिकतात, ती ही संस्था. अरुण फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनमध्ये होते आणि त्या स्क्वॉड्रनचे छात्रप्रमुखही झाले. पहाटेची कवायत, मैदान, वर्गातले गणित आणि विज्ञान, नकाशावाचन, सोबत्याच्या चुकीची शिक्षा सगळ्यांनी मिळून भोगणे, असे तिथले दिवस असतात. त्यानंतरचे एक वर्ष डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत गेले आणि १३ जून १९७१ रोजी त्यांची नेमणूक १७ पूना हॉर्समध्ये झाली.

पूना हॉर्सचा उगम १८१७ सालचा. दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात त्या वर्षी झालेल्या पुण्याच्या तहातून पुण्यात एक घोडदळ उभे राहिले. या रेजिमेंटची नाळ त्या घोडदळाशी जोडलेली आहे. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नाव मात्र टिकले. १९६५च्या युद्धात या रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी केले. मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट विभागातल्या रणगाड्यांच्या लढाईत कामी आले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. खेत्रपाल रेजिमेंटमध्ये आले तेव्हा या घटनेला सहा वर्षेही झाली नव्हती. तारापोरांच्या हाताखाली लढलेले जवान आणि अधिकारी अजून रेजिमेंटमध्ये होते. नव्या अधिकाऱ्याला परंपरा भेटली ती अशी, बरोबरच्या माणसांच्या रूपाने.

रणगाडा दलातल्या नव्या अधिकाऱ्याला अहमदनगरच्या चिलखती दल केंद्र व शाळेत विशेष अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. रणगाड्याची तोफ, इंजिन आणि बिनतारी संदेशयंत्रणा यांचे शिक्षण तिथे मिळते, आणि उघड्या मैदानात आपला रणगाडा कुठे उभा करायचा हेही तिथेच शिकतात. खेत्रपालांचा हा अभ्यासक्रम चालू असतानाच ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानने भारताच्या पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटले. तरुण अधिकाऱ्यांना आपापल्या रेजिमेंटकडे परत बोलावले गेले. निघताना खेत्रपालांनी सामानात गोल्फच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश घेतला, अशी आठवण सांगितली जाते. लाहोरला गोल्फ खेळायचे आणि विजयाच्या मेजवानीला तो गणवेश घालायचा, असा त्यांचा बेत होता. एकवीस वर्षांच्या मुलाचा उत्साह त्या सामानात होता. पुढे जे घडले ते याच मुलाच्या हातून घडले, म्हणून ही आठवण गाळू नये.

पूना हॉर्स ज्या भागात लढली त्याचा नकाशा समजून घेणे आवश्यक आहे. शकरगढ हा पाकिस्तानी हद्दीचा भाग भारतात फुगवट्यासारखा शिरलेला आहे. जम्मूला पंजाबशी जोडणारा रस्ता या फुगवट्याच्या अगदी जवळून जातो. तो तुटला तर जम्मू-काश्मीरमधल्या सैन्याची रसद धोक्यात येते. म्हणून भारताच्या पहिल्या कोअरने याच भागात पुढे सरकायचे ठरवले. ५४व्या पायदळ डिव्हिजनमधल्या ४७व्या ब्रिगेडकडे बसंतर नदी ओलांडून पलीकडच्या तीरावर पाय रोवण्याचे काम आले. पूना हॉर्स या ब्रिगेडच्या मदतीला होती.

नदी स्वतः मोठी अडचण नव्हती. खरा अडथळा होता तो दोन्ही बाजूंना पेरलेल्या सुरुंगांच्या रुंद पट्ट्यांचा. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदी पार करून पलीकडची ठाणी घेतली. जरपाल ३ ग्रेनेडियर्सनी जिंकले. तिथे मेजर होशियारसिंह यांनी पुढचे दोन दिवस एकामागून एक प्रतिहल्ले परतवले. जखमी होऊनही ते आपल्या जवानांना सोडून मागे गेले नाहीत. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले. पण नुसत्या पायदळाला शत्रूच्या रणगाड्यांपुढे फार काळ तग धरता येत नाही. आपले रणगाडे पलीकडे पोचायला हवे होते आणि त्यासाठी सुरुंगांतून वाट काढायला हवी होती.

ही वाट अभियंता दलाच्या सॅपर्सनी काढली, अंधारात आणि तोफांच्या माऱ्याखाली. ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी याच मोहिमेत सुरुंग काढण्याचे काम करताना कामी आले. त्यांना महावीर चक्र मिळाले. वाट पुरती मोकळी होण्याआधीच पुढच्या ठाण्यांवरून बातमी आली की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसते आहे. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनूतसिंह यांच्यासमोर दोनच पर्याय होते : पहाटेपर्यंत थांबून पायदळाला एकटे ठेवायचे, किंवा अर्धवट साफ झालेल्या पट्ट्यातून रणगाडे न्यायचे. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. रणगाडे पार झाले आणि पायदळाच्या पुढे जाऊन उभे राहिले. हा निर्णय झाला नसता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खेत्रपाल नदीच्या अलीकडेच राहिले असते.

खेत्रपालांचा रणगाडा ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन होता. त्याचे नाव ‘फामागुस्ता’, सायप्रसमधल्या एका बंदराचे. रणगाड्यात चार माणसे असतात. प्रयागसिंह चालक होते, नाथूसिंह तोफची होते, नंदसिंह रेडिओ सांभाळत होते आणि कमांडर स्वतः खेत्रपाल होते. कमांडर दिशा आणि लक्ष्य सांगतो, चालक जागा साधतो, तोफची नेम धरतो, आणि चौथा माणूस गोळा भरत राहून रेडिओही चालू ठेवतो. चौघांपैकी एकाचाही हात चुकला तर इतर तिघांचे कौशल्य वाया जाते. म्हणून ‘खेत्रपालांनी रणगाडे फोडले’ या वाक्यात ही तीन नावेही येतात.

१६ डिसेंबरच्या सकाळी आठच्या सुमारास पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रेजिमेंटने धुराच्या पडद्याआडून जरपालवर पॅटन रणगाड्यांचा प्रतिहल्ला चढवला. पूना हॉर्सच्या बी स्क्वॉड्रनने मदत मागितली. खेत्रपाल ए स्क्वॉड्रनमध्ये होते. हाक ऐकताच ते आपली तुकडी घेऊन निघाले. वाटेत शत्रूची अजून न जिंकलेली ठाणी होती. तिथून रणगाडाविरोधी तोफांचा मारा झाला. खेत्रपालांनी सरळ त्या ठाण्यांवरच चाल केली, ती तुडवली आणि तिथले सैनिक व शस्त्रे ताब्यात घेतली. या चकमकीत त्यांच्या तुकडीतल्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला. तरी ते पुढे गेले आणि बी स्क्वॉड्रनजवळ पोचले, तेव्हा शत्रूचे रणगाडे पहिल्या हल्ल्यानंतर मागे सरकत होते. त्यांनी त्यांचा पाठलाग केला आणि त्यातला एक फोडला.

इथपर्यंतचे शौर्य धावून जाण्याचे आहे. त्यात वेग आहे, तारुण्याची उसळी आहे, आणि परमवीर चक्राच्या मानपत्रातही ती नोंदली गेली आहे. पुढच्या तासांत मात्र वेगळी गोष्ट लागली.

शत्रूने फळी पुन्हा बांधली आणि रणगाड्यांच्या स्क्वॉड्रननिशी दुसरा हल्ला केला. या वेळी मुख्य भर नेमका तिथेच पडला जिथे खेत्रपाल आणि त्यांच्या बाजूचे दोन रणगाडे उभे होते. त्या दोन रणगाड्यांवर कॅप्टन मल्होत्रा आणि लेफ्टनंट अवतार अहलावत होते. समोर संख्येने कितीतरी अधिक पॅटन होते. मानपत्रानुसार या लढाईत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले आणि त्यांपैकी चार एकट्या खेत्रपालांनी टिपले. पण किंमतही मोजावी लागली. अहलावतांच्या रणगाड्याला गोळा लागून ते जखमी झाले, मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ बिघडली. त्या जागी लढू शकणारा रणगाडा उरला एकच, फामागुस्ता.

फामागुस्तालाही गोळा लागला. रणगाड्याने पेट घेतला आणि खेत्रपाल गंभीर जखमी झाले. रणगाडा सोडून बाहेर पडा, असा आदेश रेडिओवरून आला. खेत्रपालांनी उत्तर दिले की रणगाडा सोडणार नाही, मुख्य तोफ अजून चालते आहे. त्यानंतर त्यांनी रेडिओ बंद केला, असे सांगतात.

या उत्तरामागचे कारण मानपत्रात स्पष्ट दिले आहे. शत्रूचे नुकसान झाले असले तरी तो पुढे येतच होता. आपण हललो तर ही जागा मोकळी पडेल आणि शत्रू इथूनच आत घुसेल, हे खेत्रपालांनी ओळखले होते. पाठीमागे ३ ग्रेनेडियर्सचे पायदळ होते. त्याच्या मागे सॅपर्सनी जीव देऊन मोकळी केलेली सुरुंगांतली वाट होती, आणि त्या वाटेवर नदीपारच्या साऱ्या फौजेचे येणे-जाणे अवलंबून होते. आदेश देणाऱ्याला त्यांचा जीव वाचवायचा होता. खेत्रपालांनी मागे असलेल्यांचा हिशेब केला. नकाशा वाचायला शिकलेल्या, जागेचे मोल कळणाऱ्या अधिकाऱ्याचा तो विचार होता, जखमी अवस्थेत आणि थोडक्या वेळात केलेला. खडकवासल्याची तीन वर्षे, डेहराडूनचे एक वर्ष आणि अहमदनगरचे अपुरे राहिलेले महिने त्या विचारात उतरले होते.

त्यांनी आणखी एक रणगाडा फोडला. तो त्यांच्यापासून सुमारे शंभर मीटरवर आला होता. त्याच सुमारास फामागुस्ताला दुसरा गोळा लागला आणि खेत्रपाल मरण पावले. नंदसिंहही या लढाईत कामी आले. प्रयागसिंह आणि नाथूसिंह वाचले. ज्या जागेसाठी हे घडले तिथून शत्रूचा एकही रणगाडा पलीकडे जाऊ शकला नाही.

त्याच दिवशी दुपारी ढाक्यात पाकिस्तानच्या पूर्वेकडील सैन्याने शरणागती पत्करली. पश्चिमेला १७ डिसेंबरच्या रात्री शस्त्रसंधी झाली. खेत्रपालांवर १७ तारखेला सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले. घरच्यांना मात्र यातले काही ठाऊक नव्हते. युद्ध संपले म्हणून ते मुलाची वाट पाहत होते. बातमी पोचली ती २६ डिसेंबरला. या नऊ दिवसांचा उल्लेख धड्यात असायला हवा. वीराच्या मृत्यूचा भार कोण वाहते, हे मुलांना त्यातून कळते.

खेत्रपालांना मिळालेल्या पदकाचाही मराठी घराशी संबंध आहे. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली. जन्माने त्या युरोपीय होत्या आणि मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून भारतीय झाल्या होत्या. कांस्याच्या या पदकावर इंद्राची चार वज्रे कोरलेली आहेत. वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा महाराष्ट्रातल्या मुलांना घरातच ऐकायला मिळते. पदकाचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या कथेचा शेवटचा भाग तीस वर्षांनंतरचा आहे. २००१ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल आपले जन्मस्थान सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी केला. तीन दिवस अगत्याने ठेवून घेतल्यावर निघण्याच्या आदल्या रात्री नासिर यांनी सांगितले की १९७१ मध्ये ते १३ लान्सर्समध्ये मेजर होते आणि अरुण त्यांच्याच रणगाड्याच्या गोळ्याने मारले गेले. नंतर त्यांनी ब्रिगेडियर खेत्रपालांना एक छायाचित्र पाठवले. त्यावरच्या मजकुरात त्यांनी अरुण यांना विजय आणि अपयश यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या अभेद्य खडकाची उपमा दिली. पाकिस्तानी बाजू ही लढाई ‘बडा पिंड’ची म्हणून ओळखते, हेही त्यांनी तिथे लिहिले. समोरून लढलेल्या माणसाने आपल्या हाताने लिहून दिलेली ही साक्ष आहे. शत्रूला तुच्छ लेखूनच शौर्य मोठे होते, असे समजणाऱ्या कोणत्याही धड्याला तिने उत्तर दिले आहे.

खेत्रपालांच्या स्मृती आज ठिकठिकाणी आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे संचलन मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते. तिथून बाहेर पडणारा प्रत्येक छात्र त्याच मैदानावरून शेवटचे संचलन करतो. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत एक बेट अरुण खेत्रपाल यांचे आहे. फामागुस्ता परत मिळवून दुरुस्त करण्यात आला आणि अहमदनगरच्या चिलखती दल केंद्रात जतन केला आहे. अभ्यासक्रम अर्धा टाकून खेत्रपाल जिथून युद्धावर गेले, तिथेच त्यांचा रणगाडा परत आला.

महाराष्ट्रातल्या शाळांत हे चरित्र शिकवताना तीन गोष्टी कराव्यात, अशी या पत्राची विनंती आहे. पहिली, धड्यासोबत शकरगढ आणि बसंतरचा साधा नकाशा द्यावा, म्हणजे थांबण्याचे कारण मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दुसरी, प्रयागसिंह, नाथूसिंह, नंदसिंह, मेजर चौधरी, मेजर होशियारसिंह आणि लेफ्टनंट कर्नल हनूतसिंह यांची नावे धड्यात असावीत, कारण त्यांच्या कामाशिवाय त्या सकाळचा अर्थ लागत नाही. तिसरी, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहलींसाठी लष्कराशी बोलून शक्य तिथे खडकवासला आणि चिलखती दल केंद्राच्या भेटी ठरवाव्यात. एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने ज्या जागेत तिघा सोबत्यांसह बसून लढाई दिली, ती जागा किती लहान आहे, हे रणगाड्याशेजारी उभे राहिल्यावर मुलांना कोणी सांगावे लागणार नाही.

आपला नम्र,
पुण्यातील एक शिक्षक